पसंत पडलेली शाळा

विनोदिनीबाईंच्या नाकावर राग असतो, असं त्यांचे यजमान व्यंकटराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. सांगोत बापडे. ते आदिलाबादच्या बँकेत पंख्याखाली बसतात आणि त्यांच्या खिडकीशी एका वेळी एकच गिऱ्हाईक उभं राहतं. एका खोलीत पाच वर्ग बसवून, पाचही वर्गांना एकाच तोंडानं शिकवून दाखवावं त्यांनी एखादा दिवस, आणि मग राग कुठे असतो ते सांगावं.

बाईंची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दामच घेत नाही. त्या गावानं जे केलं ते आपल्यापैकी कुठल्याही गावानं केलं असतं, मग एकाचंच नाव कशाला खराब करायचं? शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. तेलंगणात मराठी शाळा कशी, असं हैदराबादकडचे लोक विचारतात, आणि या पट्ट्यात घरोघरी मराठीच बोलतात हे त्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. बाईंचे पणजोबा निजामाच्या अमदानीत मुनशी म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. बाई वरून आलेलं तेलुगू परिपत्रक घडाघडा वाचतात, भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात आणि पोरांना मराठीत शिकवतात. यातलं काहीच त्यांना कधी जड गेलं नाही. जड जातं ते एकटीनं शिकवणं.

शाळेला जागा दोन शिक्षकांच्या. दुसरे सुरेंद्र सर होते, ते बढती होऊन निर्मल जिल्ह्यात गेले आणि त्यांची खुर्ची तशीच राहिली. भरती निघते, पण मराठी माध्यमाची जागा आली की कधी माणूसच मिळत नाही, आणि मिळालाच तर तो आरक्षणाच्या कुठल्या रकान्यात बसत नाही. तोवर बाईंनी फळ्याचे खडूनं पाच तुकडे पाडले. सगळ्यात खालचा तुकडा पहिलीचा, कारण त्या पोरांचा हात तेवढाच पोचतो, आणि सगळ्यात वरचा पाचवीचा. पहिलीला गिरवायला लावून तिसरीच्या वजाबाकीकडे वळावं तर चौथी भांडत असते. चौथीला दरडावावं तर पहिलीतलं एखादं रडायला लागतं. त्यातच दुपारच्या भाताकडे बघायचं. मोबाइलसमोर चेहरा धरून आपली पगाराची हजेरी लावायची, आणि नेट नसलं की तोच मोबाइल उंच धरून पटांगणभर हिंडायचं. बाईंनी रजा घेतली की शाळेला कुलूप. सख्ख्या भाचीच्या लग्नाला बाई पोचल्या तेव्हा अक्षता पडून पंगत उठली होती. भाची अजून टोमणे मारते.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो पाचवीसाठी. गावातल्या कुसुमबाईंचा नातू करण घ्या. पोरगा हुशार, बापाचा ट्रॅक्टर कुठे बिघडला ते आवाजावरून सांगेल, पण भागाकार आला की खिडकीबाहेर बघतो. भागाकार काही दोन मिनिटांत शिकवून होत नाही. शेजारी बसावं लागतं, चुकू द्यावं लागतं, पुन्हा करून घ्यावं लागतं. बाई त्याच्या शेजारी बसल्या की बाकीचे चार वर्ग उधळतात. म्हणून बाईंना दुसरा शिक्षक हवा होता. बस, एवढंच. नवी इमारत नको, रंगरंगोटी नको, एक माणूस हवा होता.

अर्ज केले. गावातले भगवंतराव जुन्या पटवारी घराण्यातले. दरखास्त कशी दाखल करावी, कैफियत कुठे मांडावी, हे सगळं त्यांनी समजावून दिलं. बाईंनी शिक्षण खात्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. उत्तर एकच: शिक्षक सगळीकडेच कमी आहेत, तुमच्याच गावाला काय सोनं लागलंय? पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग मागच्या वर्षी पोळा झाल्यावर ऑफिसातूनच फोन आला. हैदराबादची एक संस्था लहान शाळांचं संशोधन करत होती. किती पोरांमागे किती शिक्षक लागतात, एकटा शिक्षक शाळा कशी रेटतो, हे डोळ्यांनी बघून अहवाल करायचा, आणि त्या अहवालावरून सरकार शिक्षकांच्या जागा ठरवणार. बाईंची शाळा त्यात आली होती. तिथल्या साहेबांनी वर सल्लाही दिला की आता अर्ज पुरे, त्यांना बघू द्या.

त्या दिवशी परतीच्या ऑटोत बाई एकट्याच गालात हसत होत्या. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, मुलाचं जमलं काय म्हणून. इतकी वर्षं सांगून घसा बसला. आता कुणीतरी बघायला येतंय! शाळा जशी आहे तशी दाखवायची, पाच तुकड्यांचा फळा दाखवायचा, आणि गप्प बसायचं. कुणीही शहाणा माणूस तासाभरात समजून जाईल. बाईंनी आनंदाच्या भरात ही गोष्ट कुसुमबाईंना सांगितली, आणि तिथंच घोटाळा झाला.

कुसुमबाई म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्ष. वावर कापसाचं आणि ज्वारीचं, शिक्षण नावापुरतं, आवाज खणखणीत, आणि शाळेवर पोटच्या पोरासारखा जीव. गावात कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की पहिलं बोलावणं कुसुमबाईंना जातं. मग त्या एका घरून खुर्च्या उचलतात, दुसऱ्या घरून कपबशा, तिसऱ्या घरून नवीकोरी चादर. घरात माणसं कमी असली तर गल्लीतले दोन बऱ्या बोलीचे पुरुष काका म्हणून बसवून देतात. याला कुणी खोटं म्हणत नाही. पाहुण्याला घर भरलेलं दिसलं पाहिजे, आणि उद्या तुमच्याकडे पाहुणे आले की त्याच खुर्च्या तुमच्या अंगणात येतात. पाहुणेसुद्धा हे जाणून असतात, कारण त्यांच्या गावातही हेच चालतं.

पाहणीच्या दिवशी बाई ऑटोतून उतरल्या आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण चुकीच्या गावात आलो. दारात रांगोळी. पोरांच्या डोक्याला तेल, भांग पाडलेले. फळा धुऊन काळाभोर केलेला आणि त्याच्यावरच्या रेघा कुठल्या कुठे गेलेल्या. अडगळीची दुसरी खोली झाडून उघडलेली, आणि तिच्यात कुसुमबाईंची धाकटी सून चैत्राली इस्त्रीची साडी नेसून पहिली-दुसरीला घेऊन बसलेली. चैत्राली नदीपलीकडची, यवतमाळ जिल्ह्यातली, लग्नाआधी डी.एड. झालेली. व्हरांड्यात भगवंतराव तिसरीकडून पाढे म्हणवून घेत होते. आणि व्हॅनमधून बेल्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी पोरंसुद्धा त्या दिवशी थोरल्या भावंडांचे जुने गणवेश चढवून इथंच मांडी घालून बसली होती.

बाईंचा पारा चढला. हे काय करून ठेवलं म्हणून त्यांनी कुसुमबाईंना बाजूला घेतलं. कुसुमबाईंना राग कशाचा आला तेच कळेना.

"फाटकी सतरंजी दाखवून कोणाची सोयरीक जमली हाय काय, बाई?" त्या म्हणाल्या. "घर चांगलं दिसलं तंच लोक पोरगी देतेत. शाळा चांगली दिसली तं आपल्याले चांगली मास्तरीण देतीन ना ते."

बाई बोलायला तोंड उघडतात तोच जीप आली.

जीपमधून उतरली ती ओवी. वय तिशीच्या आतलं. वाढली हैदराबादेत, पण घरची मराठी, त्यामुळे तिला दुभाष्या लागला नाही. मुलगी गुणी होती, हे कबूल करायला पाहिजे. खुर्ची दिली तरी ती मागं पोरांत जाऊन बसली, कुठे नाक खुपसलं नाही, की उगीच मोठेपणा केला नाही. बघत राहिली, लिहीत राहिली आणि मधूनच फोटो काढत राहिली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, जीव जाळणारी गोष्ट आहे. त्या दिवशी शाळा खरोखरच चांगली चालली. चैत्रालीनं चिंचोके मांडून पहिलीला बेरीज शिकवली आणि एकही पोर रडलं नाही. भगवंतरावांच्या पाढ्यांनी व्हरांडा दणाणला. बाईंच्या वाट्याला फक्त चौथी आणि पाचवी. चौथीला चित्र काढायला दिलं आणि बाई करणच्या शेजारी बसल्या. चांगल्या निवांत बसल्या. करण चुकला, पुन्हा चुकला, मग थांबून त्यानं बोटं मोजली आणि भागाकार सोडवला. आपणच सोडवला यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं लगेच दुसरं गणित मागितलं. बाईंना भरून आलं आणि त्याच वेळी संतापही आला, कारण दुसरा शिक्षक कशाला हवा याचं उत्तर समोर बसून गणित मागत होतं, आणि ओवीच्या वहीत ते भलत्याच खात्यावर जमा होत होतं.

दुपारी कुसुमबाईंच्या घरी भाकरी, झुणका, ठेचा. पाहुणी जेवून तृप्त झाली. निघताना बाई तिला जीपपाशी गाठायला मुद्दाम पुढे गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की आज जे दिसलं ते रोजचं नाही, रोज मी एकटीच असते.

ओवी हसली, पण वाईट हसली नाही. "बाई, शिक्षक कमी आहेत असं प्रत्येक शाळेत सांगतात. म्हणूनच या वेळी आम्ही ठरवलंय, ऐकायचं कमी आणि बघायचं जास्त. आणि तुमच्याकडे जे बघितलं ते मला दुसरीकडे कुठेच दिसलं नाही."

तेवढ्यात सीताफळांची पिशवी घेऊन कुसुमबाई आल्या, मागे डोक्यावर पदर घेतलेली चैत्राली. ओवीनं सरळ त्यांनाच विचारलं, "काकू, चैत्रालीताई रोज येतात ना शाळेत?"

"रोज," कुसुमबाई म्हणाल्या. "एक दिवस चुकवत नाई."

ओवीनं बाईंकडे बघितलं. त्या वेळी एक शब्द बोलायचा होता. पण मुलीच्या आईनं पाहुण्यांसमोर उभं राहून, या खुर्च्या शेजारच्या आहेत हो, असं सांगावं का? कुसुमबाईंच्या दारात, त्यांच्या हातची भाकरी खाऊन, त्यांच्या सुनेसमोर त्यांना खोटं पाडायचं? बाईंनी सीताफळांची पिशवी जीपमध्ये नीट ठेवायला मदत केली आणि जीप गेली.

पुढे बरेच महिने काही नाही. मग मंडळातल्या, म्हणजे इकडच्या तालुक्यातल्या, सगळ्या शिक्षकांची बैठक लागली. साहेबांनी पडद्यावर फोटो दाखवायला सुरुवात केली आणि बाईंना एकदम आपलीच शाळा दिसली. व्हरांड्यात भगवंतराव बोट वर करून पाढे म्हणताहेत. खोलीत चैत्राली, तिच्यापुढे चिंचोके. साहेब म्हणाले, एक शिक्षक आणि जागं गाव, एवढ्यात उत्तम शाळा कशी चालते ते बघा. अहवालात हे ठळक आलं होतं आणि त्यावरून धोरणही ठरलं होतं. जिथे गाव स्वतः हातभार लावतं तिथली रिकामी दुसरी जागा उचलायची आणि ज्या शाळेला कुणीच नाही तिथे द्यायची. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! कुणीही मान डोलवावी. मग साहेबांनी विनोदिनीबाईंना पुढे बोलावलं आणि शाल-नारळ दिला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. टाळ्या वाजत होत्या आणि बाई अंगावरची शाल सावरत सांगत होत्या, की साहेब, तसं नाही, ती सून त्या दिवसापुरती होती, ते आजोबा त्या दिवसापुरते होते. साहेबांना वाटलं बाई विनयानं बोलतायत. नंतर ऑफिसात जाऊन स्पष्ट सांगितलं तेव्हा मात्र साहेबांचा चेहरा उतरला. शिकलेल्या बाईनं सरकारी पाहणीत नाटक होऊ दिलं असं लेखी देणार का, असं त्यांनी विचारलं. दिलं तर पहिली चौकशी बाईंची आणि दुसरी गावाची.

बाईंनी ओवीला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली की अहवाल वर गेलाय, माझ्या हातात आता काही नाही, पुढच्या पाहणीत बघते. पुढची पाहणी कधी, ते तिलाही माहीत नव्हतं.

"बाई, तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

ओवी हळूच "हो" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आता तिच्यावर तरी किती चिडायचं? ती प्रामाणिकपणे बघायला आली होती. फक्त वर्षानुवर्षं त्या खोलीत उभी असलेली बाई काय सांगते, त्यापेक्षा एका दुपारचं बघणं तिच्या संस्थेला भारी वाटलं. गावावर चिडावं तर गावानं पाहुण्याचा मान राखला. मग चिडायचं कुणावर? बाई स्वतःवर चिडल्या, आणि तो राग घरी व्यंकटरावांवर निघाला. त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त चहात साखर कमी आहे एवढंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुसुमबाई पेढे घेऊन शाळेत आल्या. सत्काराची बातमी गावात पोचली होती.

"पसंत पडली ना आपली शाळा?" त्यांनी बाईंच्या हातावर पेढा ठेवला. "मी म्हणलंच होतं. मंग दुसरी बाई कधी येते?"

बाईंच्या तोंडावर आलं होतं की हात दाखवून अवलक्षण केलंत, आता पेढे कसले वाटता? पण त्या माउलीचा चेहरा बघून त्यांना तसं बोलवेना. त्यांनी एवढंच सांगितलं, "पसंत पडली, कुसुमबाई. म्हणूनच कोणी येणार नाही. जागा गेली आपली."

कुसुमबाईंना ते दोनदा समजावून सांगावं लागलं. चांगलं दिसलं म्हणून कमी देतात, हा कुठला व्यवहार, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवून त्या निघाल्याच. मीच जातो हापिसात आणि सांगतो खोटं होतं म्हणून, असं म्हणाल्या. बाईंनी चौकशीचं सांगितलं. कुसुमबाईंनी पदराच्या टोकाला पीळ घातला.

"पावण्यासमोर मी रोज म्हणलं," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणलं तं म्हणलं. आता रोज."

आणि दुसऱ्या दिवशीपासून चैत्राली शाळेत यायला लागली. कुणी पगार विचारला नाही, कुणी सांगितला नाही. सकाळी घरचा स्वयंपाक उरकून येते, पहिली-दुसरी सांभाळते, शाळा सुटली की वावरात. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली असतात, आणि त्याच बोटांनी ती पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेते. करण भागाकार शिकूनच सहावीला गेला. गावाला वाटतं, झालं ना सगळं ठीक? बाई मग इतक्या का चिडतात?

चिडू नको तर काय करू, असं बाई विचारतात. त्या दिवशीचं खोटं निदान खोटं होतं. त्याच्याविरुद्ध भांडता येत होतं. आता अहवाल खराच झाला. दुसरा शिक्षक मागायला गेलं तर ऑफिस म्हणेल, आहे की तुमच्याकडे. आणि उद्या हे बघून आणखी दहा गावांना सांगतील, तुमच्या सुनांना पाठवा म्हणून. चैत्रालीला येऊ नको म्हणावं तर पहिली पुन्हा रडायला लागणार आणि करणचा धाकटा भाऊ, तो आता तिसरीत आहे, खिडकीबाहेर बघायला लागणार. बाई तिला नको म्हणू शकत नाहीत, आणि ये म्हणतानाही त्यांना तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

परवा सकाळी बाई नेहमीसारख्या मोबाइल उंच धरून पटांगणात हिंडत होत्या. एकदाचं नेट आलं, त्यांनी मोबाइल चेहऱ्यासमोर धरला, आणि हजेरी लागल्याची हिरवी खूण आली. चैत्राली शेजारी येऊन उभी होती. तिनं पदर नीट केला, केस मागे सारले आणि जरा लाजतच विचारलं, "बाई, माहा चेहरा याच्यात कधी घेतेत?"

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. कुणावर तरी ओरडावं असं त्यांना फार वाटलं, पण समोर चैत्रालीशिवाय कुणी नव्हतं.

"नाही घेत गं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आत पहिलीतलं कुणीतरी रडायला लागलं आणि चैत्राली धावत आत गेली.